दाखल्याकडून पडताळणीकडे : ठाणे-कल्याण परिसरातील विद्यार्थ्यांच्या शासकीय लाभ-पात्रतेचा इतिहास

सारांश

शासनाने विद्यार्थ्याला मदत करावी हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. ही मदत कोणाला द्यावी आणि तो 'पात्र' आहे हे कोणी, कोणत्या पुराव्यावर ठरवावे, हा प्रश्न मात्र गेल्या शतकभरात अनेकदा नव्याने उभा राहिला. नादारी, शिष्यवृत्ती, शुल्कमाफी, राखीव जागा, निर्वाह भत्ता आणि अलीकडील टॅबलेट वा लॅपटॉप वाटप या सर्व योजनांच्या मुळाशी पडताळणीची एक यंत्रणा असते. प्रस्तुत निबंधात ठाणे, कल्याण-डोंबिवली व लगतच्या तालुक्यांच्या संदर्भात या यंत्रणेचा ऐतिहासिक आढावा घेतला असून, पुराव्याचा भार क्रमाक्रमाने शासनाकडून विद्यार्थ्याकडे कसा सरकत गेला, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : नादारी, शिष्यवृत्ती, जात प्रमाणपत्र, वैधता, उत्पन्नाचा दाखला, थेट लाभ हस्तांतरण.

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीच्या खिडकीपुढे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या हातातील कागदांचा गठ्ठा हा एक प्रकारचा ऐतिहासिक दस्तऐवजच होय. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला व त्याचे वैधता प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, शिधापत्रिका, गुणपत्रिका, आधार क्रमांक आणि बँक खाते यांपैकी प्रत्येक कागद वेगळ्या काळात, वेगळ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून या गठ्ठ्यात आला. जुना कागद बाद होऊन नवा आला असे क्वचितच घडले. बहुधा जुन्यावर नव्याची भर पडली. त्यामुळे या गठ्ठ्याचा इतिहास तपासणे म्हणजे शासन आणि विद्यार्थी यांच्यातील विश्वासाचा इतिहास तपासणे होय.

या अभ्यासासाठी ठाणे-कल्याण परिसर विशेष महत्त्वाचा आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत पोहोचली. तेव्हापासून हा प्रदेश येणाऱ्या-जाणाऱ्यांचा झाला. खाडीकाठचे आगरी-कोळी, शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यातील ठाकूर, कातकरी, वारली व महादेव कोळी, फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित, कोकण व देशावरून नोकरीसाठी आलेली मध्यमवर्गीय कुटुंबे आणि परप्रांतांतून कारखान्यांत आलेले कामगार अशी या परिसराची लोकसंख्या आहे. जेथे पिढ्यान्पिढ्या एकाच गावात राहणारी माणसे कमी, तेथे 'मूळ गाव कोणते, वडील-आजोबांची नोंद कोठे' या प्रश्नांची उत्तरे देणे अवघड असते. पात्रतेची पडताळणी नेमकी याच प्रश्नांवर उभी आहे.

ओळखीवर आधारलेली पात्रता : नादारीचा काळ

वसाहतकालीन शाळा-महाविद्यालयांत गरीब विद्यार्थ्यांना फीमध्ये सवलत देण्याची पद्धत होती. मराठीत तिला 'नादारी' हा शब्द रूढ झाला. नादारी कोणाला द्यावयाची हे मुख्याध्यापक वा प्राचार्य ठरवीत. विद्यार्थ्याचे घर, वडिलांचा व्यवसाय, कुटुंबातील माणसे यांची माहिती शिक्षकांना असे आणि त्या माहितीच्या आधारे निर्णय होई. कागद कमी, ओळख जास्त असे या पद्धतीचे स्वरूप होते.

या पद्धतीचे गुण आणि दोष एकाच गोष्टीत सामावलेले होते. शिक्षक ज्या मुलाला ओळखत असे त्याला दाखल्यासाठी हेलपाटे घालावे लागत नसत. मात्र शिक्षकाच्या परिचयाच्या वर्तुळाबाहेरचा मुलगा नादारीच्याही बाहेर राही, आणि हे वर्तुळ जातिव्यवस्थेच्या चौकटीत आखलेले होते. ज्या मुलाला शाळेच्या दारातच अडविले जाई, त्याच्या गरिबीची माहिती असूनही तिचा उपयोग नव्हता. म्हणून मागासवर्गीयांच्या शिक्षणासाठी स्थानिक दयाबुद्धीवर विसंबून न राहता शासनाने स्वतंत्र तरतूद करावी, ही मागणी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जोर धरू लागली.

वर्गवारीचा आरंभ : १९२८ ते १९४९

मुंबई सरकारने १९२८ मध्ये ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य वर्ग व आदिम जमाती यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या समितीचे सदस्य होते. १९३० मध्ये समितीने अहवाल सादर केला आणि मागासवर्गीयांचे दलित वर्ग, आदिम व डोंगरी जमाती आणि इतर मागास वर्ग असे तीन गट सुचविले. त्यानंतर मुंबई इलाख्यात मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र खाते निर्माण झाले. या घटनेचे महत्त्व असे की, मदतीची पात्रता आता व्यक्तीच्या गरिबीवरच नव्हे, तर तिच्या समूहावरही ठरू लागली. समूह ठरला की त्या समूहात कोण मोडतो हे ठरविणे क्रमप्राप्त झाले. पडताळणीचे बीज येथे आहे.

१९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असलेल्या डॉ. आंबेडकरांच्या प्रयत्नांमुळे केंद्र सरकारने १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ती सुरू केली. पुढे १९४८-४९ मध्ये अनुसूचित जमातींना व १९४९-५० मध्ये इतर मागास वर्गांना ती लागू झाली. आजची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही या योजनेचीच वंशज होय. आरंभीच्या काळात या समूहांतून महाविद्यालयापर्यंत पोहोचणाऱ्यांची संख्याच इतकी अल्प होती की, खऱ्या-खोट्याचा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. प्रश्न होता तो अर्जदार मिळविण्याचा.

याच सुमारास कल्याणजवळ वेगळ्या प्रकारची पडताळणी मोठ्या प्रमाणावर घडत होती. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. ज्यांची घरे, शाळा, महसुली नोंदी व दाखले सीमेपलीकडे राहिले होते, अशा हजारो लोकांना पुरावे मागणे व्यर्थ होते. तेव्हा शासनाने छावणीतील नोंदणी हाच निर्वासितपणाचा आधार मानला. पुरावा नसणे हा येथे अर्जदाराचा दोष ठरला नाही. परिस्थितीचा परिणाम म्हणून तो समजून घेतला गेला. पुढील काळात शासकीय यंत्रणेने हीच दृष्टी डोंगरपट्ट्यातील कातकरी मुलाच्या बाबतीत दाखविली काय, हा प्रश्न या निबंधाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

उत्पन्नाचा दाखला

१९५० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई राज्याने आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या वर्गासाठी शुल्कसवलत सुरू केली. 'ईबीसी' या आद्याक्षरांनी ती महाराष्ट्रातील घराघरांत परिचित झाली. ज्यांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न १,२०० रुपयांपेक्षा कमी, त्यांना फी माफ, असे तिचे १९६० च्या दशकातील स्वरूप होते. जातीचा विचार न करता केवळ उत्पन्नावर आधारलेली ही सवलत ग्रामीण महाराष्ट्रात शिक्षणाचा प्रसार होण्यास साह्यभूत ठरली.

या सवलतीबरोबर उत्पन्नाचा दाखला हा विद्यार्थ्याच्या जीवनातील अटळ कागद बनला. तलाठ्याची चौकशी आणि तहसीलदाराची सही या दोन पायऱ्या शेतीप्रधान गावाला अनुरूप होत्या. गावाचा तलाठी सात-बारा उताऱ्यावरून कुटुंबाची जमीन जाणत असे. औद्योगिक नगरांत या व्यवस्थेची अडचण झाली. डोंबिवलीसारख्या नोकरदारांच्या गावात वेतनपत्रकावरील उत्पन्न पै न् पै दिसते. त्याउलट दुकानदार, ठेकेदार किंवा रोखीने व्यवहार करणाऱ्या व्यावसायिकाचे उत्पन्न त्याने सांगितले तेवढेच दिसते. परिणामी उत्पन्नमर्यादेच्या किंचित वर असलेला कारकून अपात्र ठरतो आणि त्याहून सधन असलेला व्यावसायिक पात्र ठरू शकतो. दुसऱ्या टोकाला नाका कामगार, घरकाम करणारी स्त्री किंवा वीटभट्टीवर राबणारे कुटुंब असते. त्यांच्याकडे उत्पन्न दाखविणारा कागदच नसतो. गरिबी सिद्ध करण्यासाठीही कागद लागतो, आणि तो गरिबाकडे नसतो, हा या व्यवस्थेतील मूलभूत विरोधाभास होय.

मंडल आयोगाच्या शिफारशींवरील इंद्रा साहनी निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये इतर मागास वर्गांतील प्रगत घटकांना आरक्षणातून वगळण्याचे तत्त्व घालून दिले. त्यानुसार १९९३ मध्ये केंद्राने 'क्रीमी लेयर'चे निकष जाहीर केले. आरंभी १ लाख रुपये असलेली उत्पन्नमर्यादा २००४ मध्ये २.५ लाख, २००८ मध्ये ४.५ लाख, २०१३ मध्ये ६ लाख आणि २०१७ मध्ये ८ लाख झाली. 'नॉन-क्रीमी लेयर' प्रमाणपत्र हा गठ्ठ्यातील आणखी एक कागद झाला. ईबीसी सवलतीची मर्यादाही २०१६ नंतर वाढविण्यात आली व ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना या नावाने पुढे आली.

जातीचा पुरावा : ठाण्यातील वाद आणि देशव्यापी निवाडा

अनुसूचित जातींची राष्ट्रपतींची यादी १० ऑगस्ट १९५० रोजी आणि अनुसूचित जमातींची ६ सप्टेंबर १९५० रोजी प्रसिद्ध झाली. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे मानीव दिनांक ठरले. अर्जदाराचे कुटुंब या दिनांकास वा त्यापूर्वी महाराष्ट्रात होते आणि त्या जातीचे होते, हे दाखविणारा पुरावा मागण्याची प्रथा त्यातून रूढ झाली. बाप किंवा आजोबा शाळेत गेला असेल तर त्याच्या शाळेच्या जनरल रजिस्टरातील नोंद हा सर्वांत विश्वसनीय पुरावा मानला जातो. म्हणजेच ज्या घराण्यात पूर्वी शिक्षण पोहोचले, त्याला पुरावा सुलभ. ज्या घरातील पहिलाच मुलगा शिकतो आहे, त्याला तो दुर्लभ.

अनुसूचित जमातींच्या बाबतीत हा प्रश्न १९७६ नंतर अधिक तीव्र झाला. तोपर्यंत काही जमातींना ठराविक जिल्ह्यांतील ठराविक तालुक्यांपुरतीच मान्यता होती. ठाकूर जमात ही ठाणे, कुलाबा, नाशिक, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतील विशिष्ट तालुक्यांत अनुसूचित जमात मानली जाई. १९७६ च्या सुधारणा कायद्याने हे क्षेत्रबंधन हटविले. तालुक्याची सीमा ओलांडली की जमातीचा दर्जा संपतो, ही विसंगती त्यामुळे दूर झाली. परंतु नामसाधर्म्याचा नवा प्रश्न उपस्थित झाला. ठाकूर हे जमातीचे नाव आहे, तसेच ते अन्य समाजांतील आडनावही आहे. कोळी या एका नावाखाली महादेव कोळी, मल्हार कोळी, टोकरे कोळी या अनुसूचित जमाती येतात, आणि त्यांत न मोडणारे किनारपट्टीवरील कोळीही येतात. दाखल्यावरील एका शब्दावर वैद्यकीय वा अभियांत्रिकी महाविद्यालयातील जागा अवलंबून असल्याने तो शब्द कोणता असावा याला विलक्षण महत्त्व आले. १९८० च्या दशकात राज्य शासनाने जमातींच्या दाखल्यांची छाननी करणारी समिती नेमली. पुणे येथील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या मानववंशशास्त्रीय ज्ञानाचा तिला आधार होता.

या पार्श्वभूमीवर 'कुमारी माधुरी पाटील विरुद्ध अपर आयुक्त, आदिवासी विकास, ठाणे' हा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. २ सप्टेंबर १९९४ रोजी त्याचा निवाडा झाला. महादेव कोळी जमातीचा दावा छाननी समितीने व अपिलात अपर आयुक्तांनी अमान्य केला होता. न्यायालयाने तो निर्णय कायम केला. शिक्षणाच्या अंतिम टप्प्यास पोहोचलेल्या विद्यार्थिनीस परीक्षेला बसण्याची मुभा देण्यात आली, मात्र जमातीचा दर्जा मान्य झाला नाही. ठाणे कार्यालयातील एका निर्णयावरून उद्भवलेल्या या खटल्यात न्यायमूर्ती के. रामस्वामी यांनी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, ती देशभर लागू झाली.

त्यांचे सार असे : प्रवेशाच्या किमान ६ महिने आधी पडताळणीसाठी अर्ज करावा, प्रत्येक राज्याने ३ सदस्यांची छाननी समिती नेमावी, तीत जमातींच्या बाबतीत त्या समाजाचे निकटचे ज्ञान असलेला संशोधन अधिकारी असावा, समितीला पोलीस अधिकाऱ्यांचा दक्षता कक्ष जोडलेला असावा, त्याने अर्जदाराच्या मूळ गावी जाऊन शालेय व जन्मनोंदी तपासाव्यात, तसेच समाजाच्या चालीरीती, दैवते, विवाह व अंत्यविधीच्या पद्धती यांची विचारपूस करावी, अर्जदाराला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी आणि चौकशी शक्यतो २ महिन्यांत संपवावी. २०११ मध्ये दयाराम विरुद्ध सुधीर बाथम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था मुख्यत्वेकरून उचलून धरली.

येथे एक मूलगामी बदल घडला. महसूल अधिकाऱ्याने दिलेला दाखला हा आता अंतिम शब्द राहिला नाही. तो केवळ दावा ठरला आणि समितीचे वैधता प्रमाणपत्र हा निर्णय ठरला. शासनाच्या एका शाखेने दिलेल्या कागदाची शासनाचीच दुसरी शाखा पुन्हा तपासणी करू लागली. बोगस दाखल्यांमुळे खऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांच्या जागा जात होत्या, ही तक्रार निराधार नव्हती. किंबहुना, पडताळणी कडक व्हावी असा आग्रह आदिवासी समाजातूनच सातत्याने धरण्यात आला. या दृष्टीने पाहता पडताळणी हे आदिवासी विद्यार्थ्याच्या हक्काचे संरक्षण होते.

कायद्याची चौकट आणि तिचे परिणाम

महाराष्ट्राने या विषयावर स्वतंत्र कायदा केला. जात प्रमाणपत्र देण्याचे व त्याच्या पडताळणीचे विनियमन करणारा २००१ चा अधिनियम क्रमांक २३ हा १८ ऑक्टोबर २००१ पासून अंमलात आला. त्याच्या कलम ८ प्रमाणे जात सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर आहे. खोट्या दाखल्यावर मिळविलेला प्रवेश, शिष्यवृत्ती व पदवी रद्द करण्याची, दिलेली रक्कम वसूल करण्याची आणि ६ महिने ते २ वर्षे कारावास वा २,००० ते २०,००० रुपये दंड किंवा या दोन्ही शिक्षांची तरतूद त्यात आहे. कोकण विभागाची अनुसूचित जमातींची छाननी समिती ठाणे येथे कार्यरत झाली.

कायद्याच्या अंमलबजावणीत तीन प्रश्न पुढे आले. पहिला प्रश्न विलंबाचा. २ महिन्यांत चौकशी संपवावी हे तत्त्व प्रत्यक्षात उतरले नाही. प्रकरणे साचत गेली आणि प्रवेशाच्या हंगामात वैधता प्रमाणपत्र सादर करण्यासाठी मुदतवाढ देण्याची वेळ शासनावर वारंवार आली. बारावीनंतरचे काही आठवडे हे विद्यार्थ्याच्या आयुष्यात निर्णायक असतात. समितीच्या दृष्टीने काही महिन्यांचा विलंब क्षुल्लक असला, तरी विद्यार्थ्याचे त्यामुळे संपूर्ण वर्ष वाया जाऊ शकते.

दुसरा प्रश्न आप्तभाव चाचणीचा. अर्जदाराला जमातीच्या रूढी, बोली, दैवते सांगता येतात काय, यावरून त्याची जमात ठरविणे १९५० मध्ये कदाचित सयुक्तिक ठरले असते. परंतु कल्याणच्या चाळीत वाढलेल्या, मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या आणि लोकलने महाविद्यालयात येणाऱ्या ठाकूर मुलीला आजीच्या काळातील विवाहगीते येत नसतील, तर ती ठाकूर नाही असे म्हणता येईल काय? शिक्षण व स्थलांतर यांनी समाज बदलावा म्हणून योजना आखावयाच्या आणि तो बदलला म्हणून त्याला अपात्र ठरवावयाचे, असा हा पेच होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या चाचणीच्या मर्यादा नमूद केल्या. २४ मार्च २०२३ रोजी महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही चाचणी निर्णायक कसोटी नव्हे, असे स्पष्ट केले. समितीचे कागदोपत्री पुराव्याने समाधान होत असेल, तर प्रत्येक प्रकरण दक्षता कक्षाकडे पाठविणे अनिवार्य नाही, असेही न्यायालयाने सांगितले.

तिसरा प्रश्न चुकीच्या परिणामांचा. दावा अमान्य झाला तरी अर्जदाराचा हेतू खोटा नसेल, तर त्याचे शिक्षण वा नोकरी वाचवावी काय, याविषयी न्यायालयांची मते बदलत राहिली. २००० मध्ये महाराष्ट्र राज्य विरुद्ध मिलिंद या प्रकरणात न्यायालयाने दावा नाकारूनही, पूर्ण झालेल्या वैद्यकीय शिक्षणाला संरक्षण दिले होते. ६ जुलै २०१७ रोजी भारतीय अन्न महामंडळ विरुद्ध जगदीश बालाराम बहिरा या निवाड्यात मात्र, २००१ च्या कायद्यानंतर असे संरक्षण देता येणार नाही, अशी कठोर भूमिका घेण्यात आली. अपात्राने घेतलेली जागा ही एका पात्र व्यक्तीची हिरावलेली जागा आहे, हा त्यामागील विचार होता.

परप्रांतीय विद्यार्थ्यांचा प्रश्न याहून वेगळा आहे. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशावरून उद्भवलेल्या मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये असा निर्णय दिला की, एका राज्यातील अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती दुसऱ्या राज्यात गेल्यास तेथे तिला तो दर्जा आपोआप मिळत नाही. ठाणे-कल्याणच्या कारखान्यांत आलेल्या कामगारांची मुले येथेच जन्मली व येथेच शिकली, तरी कुटुंबाचे स्थलांतर मानीव दिनांकानंतरचे असेल, तर महाराष्ट्राच्या योजनांसाठी ती परकी ठरतात. राज्यनिहाय यादीच्या तर्काने हे सुसंगत असले, तरी वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ते समजण्यास कठीण आहे.

संगणकीय पडताळणी

२००० नंतरच्या दशकात तहसील कार्यालयांतील 'सेतू' केंद्रांनी दाखले देण्याची पद्धत बदलली. पुढे शिष्यवृत्तीचे अर्जही संगणकावर भरले जाऊ लागले. काही शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्यांच्या नावाने शिष्यवृत्तीची रक्कम गैरमार्गाने उचलल्याच्या तक्रारींवरून राज्य शासनाने पोलीस अधिकारी के. व्यंकटेशम यांच्या नेतृत्वाखाली २०१६ मध्ये विशेष तपास पथकाचे काम सुरू केले. येथवर पडताळणीचा रोख विद्यार्थ्यावर होता. या चौकशीने संस्थाही संशयाच्या कक्षेत आल्या. रक्कम संस्थेऐवजी थेट विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न बँक खात्यात जमा करावी, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले.

२०१७-१८ मध्ये 'महाडीबीटी' ही एकत्रित संगणकप्रणाली सुरू झाली. पहिल्या वर्षी तांत्रिक अडचणींमुळे अर्ज कागदावर स्वीकारण्याची वेळ आली. त्यानंतर प्रणाली स्थिरावत गेली. तिचे लाभ निर्विवाद आहेत. अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे हे विद्यार्थ्याला पाहता येते आणि एकाच व्यक्तीने दोनदा लाभ घेणे कठीण होते. परंतु आधारवरील नाव व दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव यांत एका अक्षराचा फरक असला, तरी अर्ज अडू शकतो. नादारीच्या काळातील मुख्याध्यापकाला 'कमळ' आणि 'कमल' ही एकच मुलगी आहे हे कळत असे. संगणकाला ते कळण्यासाठी राजपत्रातील नावबदल किंवा प्रतिज्ञापत्र लागते.

शासकीय मदतीचे स्वरूपही बदलले. २०१६-१७ पासून वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना सुरू झाली. आरंभीच्या दरानुसार मुंबई-ठाण्यासारख्या महानगरांत शिकणाऱ्यास वर्षाला ६०,००० रुपये मिळण्याची तरतूद होती. विद्यार्थी स्थानिक रहिवासी नसावा ही अट येथे महत्त्वाची ठरली. म्हणजे जात व उत्पन्न यांच्या जोडीला निवासाचीही पडताळणी आली.

वस्तुरूप मदतीत संगणकाचा समावेश हा या इतिहासातील अलीकडचा टप्पा होय. तामिळनाडूने २०११ मध्ये विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्यास आरंभ केला. उत्तर प्रदेशाने २०१३ मध्ये बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना ते वाटले. महाराष्ट्रात महाज्योती या संस्थेने इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील, अभियांत्रिकी-वैद्यकीय प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना मोफत टॅबलेट देण्याची योजना राबविली. या योजनांतील भेद पडताळणीच्या दृष्टीने उद्बोधक आहे. जेथे शासकीय व अनुदानित शाळेतील नोंदणी हाच मुख्य निकष असतो, तेथे शाळेचे हजेरीपुस्तक पडताळणीस पुरेसे ठरते. जेथे जात, उत्पन्न, अधिवास, शाखा व गुण असे अनेक निकष एकत्र येतात, तेथे प्रत्येक निकषासाठी स्वतंत्र कागद लागतो आणि प्रत्येक कागदागणिक काही पात्र विद्यार्थी गळतात. निकष जितके सूक्ष्म, तितकी पडताळणी खर्चिक, हा नियम येथे दिसून येतो.

याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. 'मोफत लॅपटॉप'च्या नावाने खोटे संदेश पसरवून विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती गोळा करण्याचे प्रकार घडले असून, केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने असे संदेश बनावट असल्याचे खुलासे वेळोवेळी केले आहेत. शासन विद्यार्थ्याची पडताळणी करते. आता विद्यार्थ्यालाही योजना शासनाचीच आहे काय, याची पडताळणी करावी लागते.

महाविद्यालयाची भूमिका

या संपूर्ण साखळीत महाविद्यालय हे विद्यार्थ्याला सर्वांत जवळचे कार्यालय आहे. कल्याण, उल्हासनगर व डोंबिवलीतील महाविद्यालयांत मुरबाडहून एस. टी. ने आणि कसारा मार्गाने शहापूर तालुक्यातून विद्यार्थी येतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी अर्जाची भाषा समजणारे दुसरे कोणी नसते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात ७ तालुके राहिले. जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी हे आदिवासीबहुल तालुके पालघरमध्ये गेले. प्रशासन जवळ आले. तथापि मूळ गाव एका जिल्ह्यात, वास्तव्य दुसऱ्या जिल्ह्यात आणि शाळेची जुनी नोंद तिसऱ्याच ठिकाणी, अशा कुटुंबांचा मार्ग त्यामुळे सरळ झाला असे नाही. अशा वेळी शिष्यवृत्ती विभागातील लिपिकाने अपूर्ण अर्ज परत करताना कोणता कागद, कोणत्या कार्यालयातून, किती दिवसांत मिळेल हे सांगितले काय, यावर एखाद्याचे शिक्षण चालू राहणे अवलंबून असते. अर्ज पुढे पाठविणे ही औपचारिकता नसून पडताळणीच्या न्याय्यतेचा तो महत्त्वाचा भाग आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, पडताळणी आणि न्याय यांत स्वभावतः विरोध नाही. खोट्या दाव्यांमुळे खऱ्या लाभार्थ्यांचे नुकसान होते, म्हणून पडताळणी ही दुर्बलांचीच गरज आहे. दुसरा असा की, नादारीपासून महाडीबीटीपर्यंतच्या प्रवासात वैयक्तिक ओळखीची जागा कागदाने आणि कागदाची जागा संगणकीय नोंदीने घेतली. त्यामुळे पक्षपाताला आळा बसला, तथापि पुरावा जमविण्याचा भार पूर्णतः विद्यार्थ्यावर आला. तिसरा असा की, हा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्या आजोबांचे नाव शाळेच्या रजिस्टरात आहे आणि ज्याच्या आजोबांना शाळेत जाताच आले नाही, अशा दोघांकडून एकच पुरावा मागणे हे समान वागणुकीचे बाह्य रूप असले, तरी समान न्याय नव्हे.

कल्याणच्या छावणीत १९४७ नंतर शासनाने हे ओळखले होते. कागद मागे राहिलेल्या माणसांची नोंद शासनाने स्वतः केली. आज महसूल, शिक्षण, जन्म-मृत्यू नोंदणी व छाननी समित्या यांच्या नोंदी शासनाकडेच आहेत. रक्ताच्या नातेवाइकाचे वैधता प्रमाणपत्र असेल, तर मुलाला पुन्हा प्रारंभापासून सिद्धता करावयास लावू नये, हे तत्त्व न्यायालयांनीही मान्य केले आहे. शासकीय अभिलेख परस्परांशी जोडून पुरावा शोधण्याचे काम काही अंशी तरी यंत्रणेने स्वीकारले, तर विद्यार्थ्याच्या हातातील गठ्ठा हलका होईल. योजना शिष्यवृत्तीची असो, निर्वाह भत्त्याची असो वा लॅपटॉपची. तिचे यश किती अपात्र अडविले यावरून जसे मोजले जाते, तसे किती पात्र विद्यार्थी केवळ कागदाअभावी मागे राहिले यावरूनही मोजले जाणे आवश्यक आहे.